हाडाचे महापेशी अर्बुद : एका ‘सौम्य’ गाठीचे आकलन

प्रस्तावना

वर्गातील एखादा विद्यार्थी लंगडू लागला की कबड्डीत गुडघा मुरगळला असेल, असे आपण गृहीत धरतो. बहुधा ते खरेही असते. राहुरी परिसरात अशा वेळी चोळणे, लेप आणि वेदनाशामक गोळ्या यांत दोन-तीन महिने सहज निघून जातात. क्वचित मात्र दुखणे स्नायूचे नसून हाडाचे असते व गेलेले महिने सांध्याच्या मुळावर येतात. प्रस्तुत लेखात अशाच एका विकाराचा, वैद्यकीय व्यवहारात ‘जायंट सेल ट्यूमर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्बुदाचा, परिचय करून दिला आहे.

स्वरूप

हे अर्बुद प्रामुख्याने २० ते ४० या वयात, म्हणजे हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर, लांब हाडाच्या टोकाशी उद्भवते. सुमारे निम्मे रुग्ण गुडघ्याभोवतीचे असतात. त्याखालोखाल मनगटाजवळचे हाड येते. पाश्चात्त्य देशांत हाडाच्या प्राथमिक अर्बुदांत याचे प्रमाण सुमारे ५ टक्के मानले जाते. आशियाई देशांतून ते अधिक नोंदविले गेले आहे.

नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रके असलेल्या प्रचंड पेशी दिसतात म्हणून हे नाव पडले. परंतु खरे अर्बुद त्या पेशींचे नाही. त्यांच्यामध्ये विखुरलेल्या, साध्या दिसणाऱ्या एककेंद्रकी पेशी हे मूळ होय. त्या ‘रँक-लिगंड’ नावाचे प्रथिन निर्माण करतात आणि त्याच्या संकेताने हाड पोखरणाऱ्या महापेशी तयार होतात. बहुसंख्य रुग्णांच्या या मूळ पेशींत ‘एच३एफ३ए’ या जनुकातील विशिष्ट बदल आढळतो, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले.

‘सौम्य’ हा शब्दही असाच फसवा आहे. हा कर्करोग नव्हे, हे ऐकताच कुटुंब निर्धास्त होते व उपचार लांबतात. वस्तुतः ही गाठ हाडाचे टोक आतून पोकळ करीत सांध्याच्या कूर्चेपर्यंत पोहोचते. कधी किरकोळ धक्क्यानेही हाड मोडते. थोड्या रुग्णांत ती फुप्फुसातही आढळते.

निदान व उपचार

पहिली पायरी साधी आहे : क्ष-किरण चित्र. ते तालुक्याच्या ठिकाणीही निघते. संशय आल्यास एमआरआय व पुढील तपासणीसाठी लोणी येथील प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारखे शिक्षण-रुग्णालय राहुरीकरांना जवळ आहे. गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढण्याचे काम शक्यतो पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूनेच करावे. चुकीच्या जागी घेतलेला छेद नंतरची शस्त्रक्रिया अवघड करतो. परावटू ग्रंथीच्या विकारातही हुबेहूब असेच चित्र दिसू शकते. त्यामुळे रक्तातील कॅल्शियमची तपासणी टाळू नये.

शस्त्रक्रियेत हाडाला मोठी खिडकी पाडून गाठ खरवडून काढतात, वेगवान बरने पोकळीच्या भिंती घासतात, फिनॉलसारखे द्रव्य लावतात आणि पोकळी बोन सिमेंटने किंवा अस्थिरोपणाने भरतात. सांधा वाचतो; पण गाठ परतण्याचा धोका उरतो. हाडाचे टोकच काढल्यास तो धोका घटतो. मात्र पंचविशीतील तरुणाच्या वाट्याला कृत्रिम सांधा येतो, आणि शेतात उकिडवे बसणाऱ्यासाठी ही किंमत लहान नाही. माझ्या मते या उपचारातील खरा पेच हाच आहे.

रँक-लिगंडला रोखणारे डेनोसुमॅब हे औषध २०१३ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी मान्य झाले. त्रिकास्थी किंवा मणक्यातील अवघड गाठींत त्याचा मोठा आधार वाटतो. तथापि ते महापेशी नष्ट करते, मूळ पेशी टिकून राहतात. औषधाने गाठीभोवती नवे हाड जमते व त्यात दडलेल्या पेशी खरवडताना सुटतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या अनुभवातूनही खरवडण्यापूर्वी हे औषध देताना सावधगिरीची गरज दिसून आली.

गाठ परतल्यास बहुधा पहिल्या दोन वर्षांत परतते. म्हणून या काळात दर काही महिन्यांनी सांध्याचे व छातीचे क्ष-किरण चित्र काढावे लागते, दुखणे पूर्ण थांबले असले तरीही.