विश्लेषण : आधी अर्ज, मग व्हिडिओ! पेटंटचा अर्ज नेमका कसा तयार करायचा?

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावरान बियाण्यांमुळे तालुक्याचे नाव देशभर पोहोचले. २०२० मध्ये त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. त्यांना 'बीजमाता' ही उपाधी दिली ती डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी. अमेरिकेने हळदीवर दिलेले पेटंट रद्द करून घेणारी लढाईही माशेलकर यांच्याच नेतृत्वाखाली झाली होती. ज्ञान आपल्याकडे असणे वेगळे आणि त्यावरचा हक्क कागदावर असणे वेगळे, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते. आज गावागावांत तरुण शेतीची अवजारे, सेन्सर आणि मोबाइल अॅप तयार करत आहेत. मात्र यंत्र चालू झाले की पहिला व्हिडिओ समाजमाध्यमावर जातो आणि पेटंटचा विचार नंतर सुचतो. तोपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो.

हळदीच्या लढाईने काय शिकवले?

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले. 'आमच्या आजीला हे माहीत होते' एवढे सांगून भागणार नव्हते. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंधांतील ३२ संदर्भ सादर केले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

यातून निघणारा नियम सोपा आहे. जी गोष्ट अर्जाच्या तारखेपूर्वी लोकांसमोर आलेली आहे, ती 'नवी' ठरत नाही. हा नियम परक्यांना लागतो तसा आपल्यालाही लागतो. तुम्हीच टाकलेला व्हिडिओ, महाविद्यालयाच्या अंकातील लेख किंवा यंत्राची झालेली विक्री तुमच्याच अर्जाविरुद्ध पुरावा ठरू शकते. सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या बाबतींत कायदा १२ महिन्यांची सवलत देतो. रील किंवा यूट्यूब त्यात बसत नाही.

कशाला पेटंट मिळते, कशाला नाही?

पेटंट कायदा १९७० नुसार तीन अटी आहेत. शोध नवा हवा, त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचेल असा नको आणि उद्योगात वापरता येण्याजोगा हवा. शेतीही उद्योगातच मोडते. कायद्याच्या कलम ३ मध्ये वगळलेल्या गोष्टींची यादी आहे. अकोल्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीने त्यातील चार बाबी महत्त्वाच्या आहेत.

• शेती किंवा फळबागेची पद्धत : लागवडीचे नवे अंतर किंवा पाणी देण्याचे नवे वेळापत्रक याला पेटंट नाही. त्यासाठी बनवलेल्या अवजाराला मिळू शकते.
• बियाणे, वाण, झाडे आणि प्राणी.
• पारंपरिक ज्ञान : हिरड्याचा घरगुती उपाय आहे तसा अर्जात लिहून चालत नाही.
• गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि 'केवळ' संगणक प्रोग्राम.

मग बियाण्याचे काय?

बियाण्यासाठी वेगळा कायदा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ नुसार शेतकऱ्याला स्वतः विकसित केलेल्या किंवा पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वाणाची नोंदणी करता येते. शेतकऱ्याला त्यासाठी नोंदणी शुल्क पडत नाही. वाण इतरांपेक्षा वेगळे, एकसारखे आणि स्थिर आहे का, हे तपासले जाते. शेतातील पिकांना १५ आणि झाडे-वेलींना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते.

नोंदणी नसली की काय होते, याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून धानाचे 'एचएमटी' वाण तयार केले. वाण घरोघर पोहोचले, पण तेव्हा असा कायदाच नव्हता. त्याचे श्रेय आणि लाभ कोणाचा, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. दादाजींचे २०१८ मध्ये निधन झाले.

अर्जाआधी शोधाशोध का करायची?

समजा, तालुक्यातील एखाद्या तरुणाने कांदा चाळीसाठी उपकरण बनवले. कांदा सडू लागला की निघणारा वायू सेन्सर ओळखतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश येतो. कल्पना उपयोगी आहे, पण अशी उपकरणे आधीच आलेली आहेत. म्हणून 'सडलेला कांदा ओळखणारे यंत्र' एवढ्यावर पेटंट मिळणार नाही.

मग आपले वेगळेपण कशात, हे शोधावे लागते. भारतीय पेटंट कार्यालयाची 'इनपास' ही शोधसुविधा आणि 'गुगल पेटंट्स' या दोन्ही मोफत आहेत. कांदा, साठवण, वायू, सेन्सर असे इंग्रजी शब्द वेगवेगळ्या जोड्यांनी टाकून किमान दहा-पंधरा जवळची पेटंटे वाचावीत. समजा, या वाचनातून लक्षात आले की इतरांनी प्रत्येक कप्प्यात स्वतंत्र सेन्सर बसवला आहे. आपल्या तरुणाने मात्र सर्व कप्प्यांतून नळ्या काढून एकाच सेन्सरवर आणल्या आहेत आणि वाल्व्ह पाळीपाळीने उघडतो. तसे कोणी आधी केलेले नसेल, तर हा फरक म्हणजेच त्याचा शोध. अर्ज त्याच्याभोवती बांधायचा.

तारीख लगेच कशी मिळवायची?

पेटंट आधी अर्ज करणाऱ्याला मिळते. त्यामुळे अर्जाच्या तारखेला मोल आहे. यंत्रावर अजून काम चालू असेल तर 'प्रोव्हिजनल' म्हणजे तात्पुरता अर्ज करून तारीख मिळवता येते. त्यानंतर १२ महिन्यांत संपूर्ण तपशील द्यावाच लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते.

येथे एक गैरसमज आहे. प्रोव्हिजनल अर्जात शीर्षक आणि चार ओळी लिहिल्या की काम झाले, असे अनेकांना वाटते. पण त्यात जे लिहिले तेवढ्यालाच ती तारीख मिळते. नळ्या आणि वाल्व्हचा उल्लेख राहून गेला, तर त्या भागाला नंतरचीच तारीख लागेल. म्हणून शोधाचा गाभा आकृतीसह पहिल्याच अर्जात हवा.

संपूर्ण अर्जात काय लिहायचे?

नमुना १ हा अर्ज असतो आणि नमुना २ मध्ये शोधाचा तपशील असतो. परदेशातील अर्जांची माहिती नमुना ३ मध्ये, तर शोधक कोण याची घोषणा नमुना ५ मध्ये द्यायची असते. एजंट नेमला तर नमुना २६ लागतो. खरे काम नमुना २ मध्ये आहे. त्याचे भाग असे :

• शीर्षक : थोडक्यात आणि नेमके. जाहिरातीची भाषा नको.
• पार्श्वभूमी : आधीचे उपाय कोणते आणि ते कोठे कमी पडतात.
• सविस्तर वर्णन : या क्षेत्रातील जाणकाराला वाचून तेच यंत्र बनवता आले पाहिजे. तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत लपवता येत नाही.
• आकृत्या : प्रत्येक भागाला क्रमांक. वर्णनातही तेच क्रमांक.
• दावे, म्हणजे क्लेम.
• सारांश : १५० शब्दांपर्यंत.

अर्ज इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा लागतो. मराठीत आधी पूर्ण लिहून मग भाषांतर करून घेतल्यास मुद्दे सुटत नाहीत.

शोधक म्हणून कोणाचे नाव घालायचे, हेही आधीच ठरवावे. कल्पनेत ज्याचा वाटा आहे तो शोधक. सांगितल्याप्रमाणे वेल्डिंग करून देणारा कारागीर शोधक ठरत नाही. वाल्व्हची युक्ती त्यानेच सुचवली असेल तर मात्र ठरतो. महाविद्यालयातील प्रकल्प असेल तर हक्क विद्यार्थ्यांचा की संस्थेचा, हे लेखी हवे.

दावे इतके महत्त्वाचे का?

वर्णन शोध समजावते. हक्काची हद्द मात्र दावे ठरवतात. जमिनीच्या मोजणीत बांध कोठे पडतो याला जे महत्त्व, तेच येथे दाव्यातील शब्दांना. आपल्या उदाहरणातील तीन दावे पाहा.

फार ढोबळ : 'कांदा चाळीतील सड ओळखणारे यंत्र.' हे आधीच माहीत असल्याने नाकारले जाईल.

फार अरुंद : 'आठ कप्पे आणि अर्ध्या इंचाच्या आठ पीव्हीसी नळ्या असलेले यंत्र.' पेटंट मिळेलही, पण शेजारचा नऊ नळ्या लावून मोकळा होईल.

नेमका : 'चाळीच्या अनेक कप्प्यांत ठेवलेल्या नळ्या, त्या नळ्या एकाच वायू सेन्सरला पाळीपाळीने जोडणारा वाल्व्ह आणि मागील नोंदींत ज्या कप्प्यात वायूचे प्रमाण वाढलेले दिसले त्या कप्प्याची नळी अधिक वेळा उघडणारा नियंत्रक, असलेली यंत्रणा.'

यानंतर पंखा आपोआप सुरू होणे, मोबाइलवर संदेश येणे असे पूरक दावे जोडता येतात. मुख्य दावा तपासणीत टिकला नाही तर हे पूरक दावे हाताशी राहतात.

सॉफ्टवेअरला पेटंट मिळते का?

याचे उत्तर 'नाही' आणि 'हो' असे दोन्ही आहे. कायदा 'केवळ' संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारतो. 'केवळ' हा शब्द २००२ च्या दुरुस्तीने आला आणि त्यावरच सगळा खल होतो. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, संगणकावर आधारित प्रत्येक शोध या कलमात अडकत नाही. शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल तर त्याचा विचार व्हायला हवा.

आपल्या उदाहरणात बाजारभाव पाहून 'कांदा आज विका' असे सांगणारे अॅप व्यवसायाच्या पद्धतीत मोडेल. पण कोणती नळी कधी उघडायची हे ठरवणाऱ्या प्रोग्राममुळे एका सेन्सरवर काम भागते आणि वीज वाचते, हा तांत्रिक परिणाम आहे. म्हणून सॉफ्टवेअरच्या अर्जात नुसता कोड जोडून उपयोग नाही. माहिती कोठून येते, तिच्यावर कोणत्या पायऱ्यांनी प्रक्रिया होते आणि यंत्राच्या कामात त्याने काय फरक पडतो, हे आकृती आणि चाचणीच्या आकड्यांसह लिहावे. कोडला कॉपीराइटचे संरक्षण मिळते. मात्र ते लिहिलेल्या कोडपुरते असते. तीच युक्ती दुसऱ्याने वेगळ्या कोडमध्ये वापरली तर कॉपीराइट कामी येत नाही.

खर्च किती, वेळ किती?

व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. इतरांना ८,००० रुपये. ३० पेक्षा अधिक पाने किंवा १० पेक्षा अधिक दावे असल्यास जादा आकारणी होते. तपासणीसाठी नमुना १८ वेगळा भरावा लागतो. त्याचे शुल्क पहिल्या गटाला ४,००० रुपये आहे. तो भरला नाही तर अर्ज तपासलाच जात नाही. मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी ही मुदत ३१ महिन्यांची आहे. एजंटची फी यात धरलेली नाही. एजंट नेमणे सक्तीचे नाही, पण दावे लिहिताना जाणकाराचा हात लागलेला बरा.

साधारणपणे १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणी अहवालात बहुतेकदा हरकती येतात. हरकत म्हणजे नकार नव्हे. सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते आणि तीन महिन्यांपर्यंत मुदतवाढ मागता येते. महिला अर्जदार आणि स्टार्टअप यांना जलद तपासणी मागता येते. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते, मात्र तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क भरत राहावे लागते. हे पेटंट फक्त भारतात लागू असते. परदेशात हवे असेल तर पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत हालचाल करावी लागते.

मदत कोठे मिळेल?

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, पण ऑनलाइन भरता येत असल्याने अकोल्याहून मुंबई गाठण्याची गरज नाही. ग्रामीण भागातील शोधकांना गांधीनगर येथील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान (एनआयएफ) पेटंटसाठी साहाय्य करते. स्टार्टअपसाठी केंद्राच्या योजनेत नेमलेल्या तज्ज्ञांची फी सरकार देते. शोधात वनस्पती किंवा इतर जैविक संसाधन वापरले असेल, तर पेटंट मिळण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडील पूर्तता करावी लागते.

अर्जापूर्वी हे तपासा

• व्हिडिओ, फोटो, स्टेटस, बातमी किंवा विक्री यांपैकी काही झाले आहे का?
• यंत्र दाखवलेल्या कारागीर, मित्र, भागीदार यांच्याशी गोपनीयतेचा लेखी करार आहे का?
• जवळची पेटंटे वाचून आपला फरक दोन वाक्यांत लिहिता येतो का?
• तो फरक प्रोव्हिजनल अर्जात आकृतीसह आला आहे का?
• शोधक आणि मालक कोण, हे लेखी ठरले आहे का?
• १२ महिने आणि ३१ महिने या दोन्ही मुदती कॅलेंडरमध्ये टाकल्या आहेत का?

अर्ज क्रमांक हाती आला की व्हिडिओ खुशाल टाका. मात्र त्यात अर्जात नसलेली नवी सुधारणा दाखवत नाही ना, हे एकदा पाहून घ्या.