आसवे व अरिष्टे

वनस्पतिज औषधे पाण्यात भिजवून किंवा त्यांचा काढा करून, त्यात गूळ, साखर अथवा मध मिसळून व ते मिश्रण बंद पात्रात ठराविक काळ आंबवून तयार केलेल्या आयुर्वेदीय द्रव औषधांना आसवे व अरिष्टे म्हणतात. औषधे न शिजवता केलेले ते आसव आणि काढ्यापासून केलेले ते अरिष्ट, असा भेद शार्ङ्गधरसंहितेत केला आहे. व्यवहारातील नावांत हा भेद नेहमीच काटेकोरपणे पाळलेला आढळत नाही. आंबण्याच्या क्रियेत आपोआप निर्माण होणारे एथिल अल्कोहॉल हा दोहोंचाही महत्त्वाचा घटक होय. त्यामुळे ह्या औषधांचा संबंध एका बाजूने औषधिनिर्माणाशी, तर दुसऱ्या बाजूने मद्यनिर्मितीशी येतो. चूर्ण, काढा, तूप इ. औषधे जुनी झाली की हीनवीर्य होतात. आसवे मात्र जुनी झाल्यावर अधिक गुणवान होतात, असे आयुर्वेदात मानले आहे. फ्रान्समधील उंची श्वेत मद्याविषयी त्या देशात हीच धारणा आहे. पनवेलसारख्या कोकणातील गावी तयार होणारे द्राक्षासव आणि बर्गंडी प्रांतातील द्राक्षमद्य ह्यांचे हेतू निराळे असले, तरी ती मुरण्यामागील रसायनशास्त्र पुष्कळसे समान आहे.

इतिहास : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धान्ये, फळे, मुळे, वृक्षांचे सार, फुले, कांडे, पाने, साली व साखर अशी आसवांची नऊ उत्पत्तिस्थाने सांगून त्यांच्यापासून होणारी एकूण ८४ आसवे मोजली आहेत. त्यांपैकी फळांपासूनची २६, म्हणजे सर्वांत जास्त आहेत. त्याच ग्रंथात नवे मद्य जड व दोषकारक असते आणि जुने मद्य हलके, अग्निदीपक व स्रोतसांची शुद्धी करणारे असते, असा विवेक केला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात आसव व अरिष्ट ह्यांचा इतर मद्यांबरोबर उल्लेख असून द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ असे म्हटले आहे. कापिशायन व हारहूरक ही त्याची नावे ते ज्या प्रदेशांतून येई त्यांवरून पडली होती. कापिशी हे स्थान काबूलच्या उत्तरेस होते. मद्याला त्याच्या भूमीच्या नावाने ओळखण्याची फ्रान्समध्ये आज रूढ असलेली पद्धत प्राचीन भारतालाही परिचित होती, हे यावरून दिसते. मध्ययुगात शार्ङ्गधराने कृतींना निश्चित प्रमाणे घालून दिली आणि पुढील काळातील वैद्यांनी बव्हंशी तीच स्वीकारली.

पूर्वी वैद्य आपल्या घरीच आसवे करीत. कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर ती तयार करण्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रारंभ झाला. ह्या बदलात पनवेलला अग्रस्थान आहे. वैद्य पुराणिक घराण्याने १८७२ मध्ये येथे श्री धूतपापेश्वर औषधी कारखाना सुरू केला. धूतपापेश्वर हे रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरनजीकच्या एका शिवस्थानाचे नाव होय. बोरघाटातून उतरणारा पुण्याचा रस्ता आणि मुंबईकडे जाणारी खाडी ह्यांच्या सांध्यावर असल्याने पनवेल हे त्या काळी मालाच्या चढउताराचे ठिकाण होते आणि कर्नाळा व माथेरानच्या परिसरातील जंगले जवळ होती. मुंबईत झंडू (१९१०) व पुण्यात आयुर्वेद रसशाळा (१९३५) हे कारखाने त्यानंतरचे होत.

निर्मिती : ज्या कृतीत प्रमाणे सांगितलेली नसतील, तेथे एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध व एक-दशांश प्रक्षेपद्रव्ये घ्यावीत, असा शार्ङ्गधराचा नियम आहे. तुला म्हणजे १०० पले अथवा सु. ४·८ किग्रॅ. व द्रोण म्हणजे सु. १२·३ लिटर होय. तथापि द्रवपदार्थ दुप्पट घेण्याची परिभाषा असल्याने प्रत्यक्षात सु. २४·६ लिटर द्रव घेतला जातो. म्हणजे द्रवाच्या सु. २० टक्के गूळ व सु. १० टक्के मध पडतो. मद्यासाठी पिकविलेल्या द्राक्षांच्या रसात साधारणपणे १८ ते २४ टक्के शर्करा असते, हे लक्षात घेता प्राचीन वैद्यांचे प्रमाण किती अनुभवसिद्ध होते ते कळते. शर्करा कमी पडल्यास द्रव लवकर आंबट होतो व फार झाल्यास यीस्टची वाढ खुंटते.

द्राक्षारिष्टासाठी ५० पले मनुका पाण्यात उकळून चौथा हिस्सा काढा उरवितात. तो गाळून थंड झाल्यावर त्यात गूळ आणि दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, गव्हला, मिरी, पिंपळी, वावडिंग इ. द्रव्ये घालतात. उकळण्यामुळे मनुकांवरील सूक्ष्मजीव नष्ट झालेले असतात. म्हणून आंबविण्यासाठी धायटीची फुले घालतात. धायटी हे सह्याद्रीत सर्वत्र आढळणारे तांबड्या फुलांचे झुडूप आहे. तिच्या फुलांतील मधुरसावर नैसर्गिक यीस्ट वाढतात आणि फुलांतील टॅनीन द्रवाच्या टिकाऊपणास साहाय्यक होते. द्राक्षमद्याच्या बाबतीत ही दोन्ही कामे बव्हंशी द्राक्षाच्या सालीकडे असतात.

पूर्वी तुपाने माखलेली व धुरी दिलेली मातीची पात्रे वापरीत आणि ती धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून ठेवीत. त्यामुळे तपमान स्थिर राही व हवेचा संपर्क टळे. कारखान्यांत त्यांची जागा प्रथम लाकडी पिंपांनी व पुढे अगंज पोलादाच्या टाक्यांनी घेतली. ही क्रिया साधारणतः पंधरा दिवस ते एक महिना चालते; उन्हाळ्यात ती लवकर पुरी होते, तर थंडीत लांबते. किण्वनात १०० भाग ग्लुकोजपासून सैद्धांतिक दृष्ट्या सु. ५१ भाग अल्कोहॉल व ४९ भाग कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. प्रत्यक्षात सर्व शर्करा आंबत नसल्याने तयार आसव गोडसर राहते.

परीक्षा : संधान पुरे झाले की नाही, हे ठरविण्याच्या पारंपरिक कसोट्या ज्ञानेंद्रियांवर आधारलेल्या आहेत. पात्राला कान लावला असता किण्वन चालू असेतोवर बारीक सळसळ ऐकू येते. ती थांबणे ही पहिली खूण होय. तरंगणारी फुले व चूर्ण तळाशी बसणे आणि पृष्ठभागावरील फेस नाहीसा होणे ही दुसरी खूण होय. पात्राच्या तोंडाशी नेलेली जळती काडी कार्बन डाय-ऑक्साइडामुळे विझते. क्रिया थांबल्यावर ती जळत राहते. चुन्याची निवळी पांढुरकी होते की नाही, हे पाहूनही हाच निर्णय करता येतो. शेवटी गंध व रुची पाहतात. गुळाचा कच्चा वास जाऊन सुवासिक मद्यगंध यावा आणि चव प्रथम मधुर, मग किंचित आंबट व शेवटी तुरट लागावी. नाकाला झोंबणारा वास व तीव्र आंबटपणा ही बिघाडाची चिन्हे होत. अशा बिघडलेल्या द्रवाला ‘चुक्र’ असे वेगळे नाव देऊन शार्ङ्गधराने त्याला आसवांच्या वर्गातून बाजूस काढले आहे.

फ्रेंच श्वेत मद्याची परीक्षा नेत्र, नाक व जीभ ह्याच क्रमाने करतात. प्याला पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून रंग पाहतात. नवे मद्य हिरवट पिवळे असते. वयाबरोबर ते सोनेरी व पुढे गडद पिवळसर तपकिरी होते. तांबडे मद्य जुने होताना फिके पडते, तर पांढरे गडद होते. त्यानंतर प्याला हलवून वास घेतात. नव्या मद्यात लिंबू, सफरचंद इ. ताज्या फळांचा गंध असतो. मुरलेल्या मद्यात मध, बदाम-अक्रोड व सुकलेल्या फळांचा गंध येतो. घोट तोंडात घोळवून आंबटपणा, गोडी, अल्कोहॉलची ऊब आणि गिळल्यानंतर चव किती काळ रेंगाळते, हे पाहतात. ह्यांपैकी एकच गुण उठून दिसण्यापेक्षा त्यांचा मेळ बसणे, हे चांगल्या मद्याचे लक्षण समजतात.

जीर्णन : किण्वन संपल्यावरही द्रवातील रासायनिक बदल थांबत नाहीत. अल्कोहॉल व अम्ले ह्यांच्या संयोगाने एस्टरे तयार होतात आणि काही सुवासिक एस्टरे विघटितही होतात. टॅनीनचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन मोठे होतात व साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. त्यामुळे तुरटपणा कमी होऊन द्रव निवळतो. बाटलीच्या तळाशी जमलेला थोडा साका म्हणूनच दोष मानीत नाहीत. ह्या बदलांत ऑक्सिजनाचा वाटा दुहेरी असतो. लूई पाश्चर ह्यांनी १८६६ मध्ये मद्यावरील आपल्या ग्रंथात अल्प ऑक्सिजनामुळे मद्य मुरते, परंतु हवेचा अधिक संपर्क आल्यास सूक्ष्मजीवांमुळे त्याचे शिर्क्यात रूपांतर होते, हे दाखवून दिले. मुरणे व नासणे ह्यांतील अंतर असे थोडे असते.

सर्वच मद्ये मुरण्यास योग्य नसतात. आंबटपणा, शर्करा व गंधद्रव्यांचा भरपूर साठा असलेलीच मद्ये दीर्घकाळ सुधारतात. बर्गंडीतील मोंराशे व मेर्सो येथील शार्दने जातीच्या द्राक्षांचे मद्य सु. २२८ लिटरच्या ओक पिंपात काही महिने ठेवून नंतर बाटलीत भरतात. त्यातील उत्तम मद्य दहा वर्षे व त्याहूनही अधिक टिकते. बॉर्दो विभागातील सोतेर्न येथे बोट्रायटिस ह्या बुरशीमुळे वेलीवरच सुकलेल्या द्राक्षांपासून गोड मद्य करतात. त्यातील शर्करा व अम्ले ह्यांच्या विपुलतेमुळे ते अनेक दशके टिकते. शातो दिकेम ह्या मळ्यास १८५५ च्या वर्गीकरणात स्वतंत्र श्रेष्ठ दर्जा दिला गेला. असे असले, तरी १९९५ च्या सुमाराच्या हंगामांपासून बर्गंडीची अनेक मौल्यवान श्वेत मद्ये अपेक्षेपेक्षा फार लवकर तपकिरी व निःसत्त्व झाल्याचे आढळून आले. बुचांचा दर्जा, सल्फर डाय-ऑक्साइडाचे कमी प्रमाण, द्राक्षे चिरडण्याच्या बदललेल्या पद्धती अशी तिची अनेक कारणे सांगितली जातात. केवळ नाव व वय ह्यांवरून गुणवत्तेची खात्री देता येत नाही, हा ह्या घटनेचा धडा होय.

महाराष्ट्रात नारायणगाव परिसरात १९८० नंतरच्या दशकात आणि नासिक जिल्ह्यात २००० पासून आधुनिक द्राक्षमद्याचा उद्योग वाढला. येथे द्राक्षे थंडी सरताना व उन्हाळ्याच्या तोंडाशी काढली जातात. उष्णतेमुळे पिकताना आंबटपणा लवकर घटत असल्याने येथील श्वेत मद्ये बहुधा एकदोन वर्षांत पिण्यासाठीच असतात. साठवणीचे तपमानही महत्त्वाचे आहे. फ्रान्समधील तळघरांत ते वर्षभर १०° ते १३° से.च्या आसपास असते. पनवेलसारख्या दमट व उष्ण हवेत बंदोबस्त न केल्यास सर्व रासायनिक क्रिया जलद होतात. आसवातील शिल्लक शर्करा, टॅनीन व मसाल्याची द्रव्ये ह्यांमुळे ते अशा हवेतही तग धरते. तळघर नसलेल्या देशाने टिकाऊपणाचा शोधलेला हा उपाय होय, असे म्हणता येईल.

कायदा व मुदत : औषध आणि मद्य ह्यांच्या सीमारेषेवर असल्याने आसवारिष्टांचा प्रश्न दारूबंदीच्या काळात ऐरणीवर आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातील ज्या तरतुदींमुळे अल्कोहॉलयुक्त औषधे व प्रसाधने ह्यांवरही बंदी येत होती, त्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बालसारा खटल्यात अवैध ठरविल्या. १९५५ च्या केंद्रीय अधिनियमाने अशा द्रव्यांवर अबकारी कर बसविला. तो अधिनियम २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर रद्द झाला. १९४० च्या औषधिविषयक अधिनियमात १९६४ मध्ये आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि १९७८ मध्ये भारत सरकारने आयुर्वेदीय योगसंग्रहाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. आसवारिष्टांत स्वयंजनित अल्कोहॉल १२ टक्क्यांहून अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. वरून मद्यार्क घालून केलेला द्रव आसव ठरत नाही. कारण त्यात संधानाच्या काळात द्रव्यांतील सत्त्व हळूहळू उतरण्याची क्रिया झालेली नसते.

आसवे जितकी जुनी तितकी चांगली, ह्या प्राचीन मताला कोणतीही कालमर्यादा नव्हती. नियमांत मात्र २००९ मध्ये मुदतीची तरतूद होऊन आसवारिष्टांसाठी ती १० वर्षे ठरविण्यात आली; अनेक चूर्णे व गोळ्या ह्यांपेक्षा ही मुदत बरीच मोठी आहे. प्राचीन वचनातील ‘जुने’ ह्याचा अर्थ नीट संधान झालेले व हवाबंद राखलेले असाच घेतला पाहिजे. उघडलेल्या अर्ध्या बाटलीस ते वचन लागू पडत नाही.

उपयोग : द्राक्षारिष्ट खोकला, दमा, उरःक्षत व अशक्तपणा ह्यांवर, तर द्राक्षासव भूक मंदावणे इ. तक्रारींवर देण्याचा प्रघात आहे. सर्वसाधारण मात्रा १२ ते २४ मिलि. असून ती तितक्याच पाण्यातून जेवणानंतर देतात. आसवांत शर्करा व अल्कोहॉल ही दोन्ही असल्याने मधुमेही, यकृताचे रोगी, गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि मद्याचे व्यसन सोडलेल्या व्यक्ती ह्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ती घेऊ नयेत. बाटली उन्हापासून दूर, थंड जागी व घट्ट बूच लावून ठेवावी आणि आंबट वास किंवा नव्याने फेस आढळल्यास ते औषध टाकून द्यावे.