संशय घ्या, पण जरा थांबून!

दोस्तांनो, महिना संपला. म्हणजे आपल्या वाचनाचा हिशेब मांडायची वेळ झाली. या महिन्यात माझी पाच पुस्तकं वाचून झाली आणि त्यांतल्या चार चक्क रहस्यकादंबऱ्या आहेत. "बाई, तुम्हीसुद्धा?" असं काही जण म्हणतील. हो, मीसुद्धा! वह्या तपासून झाल्या, उद्याचं टाचण काढून झालं, की रात्री पांघरूण गुंडाळून रहस्यकथा वाचत बसण्यासारखं सुख नाही.

मागच्या पालकसभेत एक आई काळजीने म्हणाल्या, "बाई, आमचा मुलगा सारखा चोर-पोलिसांच्या गोष्टी वाचतो. भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचतो. काय करावं?" मी म्हटलं, "लपवून कशाला? उघड वाचू द्या की!" सगळे हसले. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. असल्या गोष्टी वाचून मुलांना मिळतं तरी काय? नुसती छातीत धडधड? याचं उत्तर मला याच महिन्यात मिळालं, आणि तेही माझ्याच वर्गात. ते शेवटी सांगते. आधी पुस्तकं.

एका बुटाची चोरी

पहिली कादंबरी सर आर्थर कॉनन डॉईल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'. शेरलॉक होम्सची ही सगळ्यांत गाजलेली कादंबरी. हिची हकिगतही मजेची आहे. होम्सच्या गोष्टी लिहून लिहून डॉईलसाहेब इतके कंटाळले, की 1893 साली एका कथेत त्यांनी त्याला स्वित्झर्लंडमधल्या एका धबधब्यात चक्क मारून टाकलं! वाचक भयंकर चिडले. पुढे ऑगस्ट 1901 पासून 'स्ट्रँड' मासिकात ही कादंबरी क्रमशः सुरू झाली, तेव्हा कुठे त्यांना होम्स परत भेटला. तोही मरणाच्या आधीची गोष्ट म्हणून!

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं ओसाड माळरान आहे. धुकं, दलदल आणि लांबवर एकटा वाडा. त्या घराण्यावर म्हणे एका राक्षसी कुत्र्याचा शाप आहे. वाड्याचा नवा वारस सर हेन्री लंडनच्या हॉटेलात उतरतो आणि त्याचा एक बूट चोरीला जातो. एकच! तोही अगदी नवा कोरा. मग तो नवा बूट परत सापडतो आणि जुना, वापरलेला बूट नाहीसा होतो. आता सांगा, नवा सोडून जुना बूट चोरणारा चोर कधी पाहिलात का? आपण हसून पुढची पानं उलटतो. होम्स मात्र तिथेच थांबतो. सगळ्या रहस्याची किल्ली त्या जुन्या बुटात आहे. वाचताना तिथे खूण म्हणून कागद घालून ठेवा.

पाचवी-सहावीपासून पुढे कुणीही वाचावी. होम्सच्या गोष्टी मराठीतही आलेल्या आहेत, वाचनालयात विचारा.

सोनेरी किल्ल्याच्या शोधात

दुसरी कादंबरी आपल्या देशातली. सत्यजित राय हे मोठे चित्रपट दिग्दर्शक, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण ते मुलांसाठी गोष्टी लिहायचे, चित्रंही काढायचे. त्यांच्या आजोबांनी 1913 साली 'संदेश' नावाचं मुलांचं मासिक सुरू केलं होतं. ते बंद पडलं होतं, रायबाबूंनी 1961 साली ते पुन्हा काढलं. त्याच मासिकात 1965 साली फेलूदा हा गुप्तहेर जन्माला आला.

'सोनार केल्ला' म्हणजे सोन्याचा किल्ला. कोलकात्यातला मुकुल नावाचा छोटा मुलगा सांगतो, की मला मागचा जन्म आठवतो, मी सोन्याच्या किल्ल्याजवळ राहत होतो, आमच्या घरात गुप्तधन होतं. झालं! धनाचं नाव निघालं की चोर आलेच. फेलूदा आणि त्याचा चुलतभाऊ तोपशे थेट राजस्थान गाठतात. आगगाडीत त्यांना जटायू भेटतात. हे स्वतः रहस्यकथा लिहिणारे लेखक, पण त्यांच्या पुस्तकांत चुकाच चुका! फेलूदा त्या एकेक करून दुरुस्त करतो आणि जटायू रागावण्याऐवजी खूश होतात. मला हे फार आवडलं. चूक दाखवली की तोंड फुगवायचं नसतं, बरं का!

जैसलमेरचा किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा आहे. ऊन पडलं की खरंच सोन्यासारखा झळाळतो. हा किल्ला रावळ जैसल यांनी 1156 साली बांधायला घेतला. म्हणजे गोष्टीबरोबर भूगोल आणि इतिहास फुकट! शिवाय या गोष्टीत एक मोठा धडा आहे. माणूस 'मी अमुक आहे' असं सांगतो, म्हणून तो तोच असतो असं नाही. याहून जास्त सांगितलं तर तुम्ही माझ्याशी कट्टी कराल.

फेलूदा बंगालचा, तसा आपला बनेश फेणे फुरसुंगीचा! भा. रा. भागवतांचा हा किडकिडीत, सायकलवर भन्नाट सुटणारा फास्टर फेणे ज्यांनी अजून वाचला नसेल, त्यांनी आधी तो वाचावा. आजी-आजोबांना मात्र बाबूराव अर्नाळकर विचारा. 'झुंजार' आणि 'काळा पहाड' ही नावं काढलीत, की त्यांचे डोळे कसे चमकतात ते पाहा. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या!

दहा माणसं आणि एक बेट

तिसरी कादंबरी आठवी-नववीच्या दादा-ताईंसाठी. छोट्यांनी थोडं थांबा, कारण हिच्यात खून बरेच आहेत. अगाथा ख्रिस्ती यांची 1939 सालची 'अँड देन देअर वेअर नन'. ही गोष्टसुद्धा डेव्हनच्याच किनाऱ्यावर घडते. लेखिकेचा जन्मही 1890 साली त्याच परगण्यात, टॉर्की गावी झाला.

एका बेटावर दहा माणसं जमतात. त्यांना बोलावणारा यजमान मात्र गायब. रात्री जेवणानंतर ग्रामोफोनच्या तबकडीतून आवाज येतो आणि दहाही जणांवर एकेका मृत्यूचा आरोप करतो. मग एकेक माणूस मरायला लागतो. होडी येत नाही, बेटावर दुसरं कुणी नाही. म्हणजे खुनी या दहांतलाच!

मी वाचताना कागदावर दहा नावं लिहिली होती. पहिल्यांदा एकावर संशय घेतला, तो मेला. दुसऱ्यावर घेतला, तोही मेला. तिसऱ्याच्या बाबतीत तर माझी पैज लावायची तयारी होती. तिन्ही वेळा तोंडघशी पडले! का? तर मी पुरावा बघत नव्हते. ज्याचा स्वभाव मला आवडला नाही, त्याच्या नावापुढे फुली मारत होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चोर नाही, तरी उत्कंठा

चौथं पुस्तक रहस्यकथा नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', 1955 सालची. हिच्यावर 1995 साली अमोल पालेकरांनी चित्रपटही काढला. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो. मेंढरं राखणारी मुलं शाळेत येतील का? वाडी या पोरसवद्या मास्तरला आपला मानेल का? आणि पाऊस पडेल का? ना खून, ना चोरी, पण पुस्तक खाली ठेववत नाही. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून असेल कदाचित, पण मास्तर पहाटे एकटा वाडीकडे चालत निघतो, तिथेच माझा जीव गुंतला. पालकहो, ही तुम्ही मुलांबरोबर मोठ्याने वाचा.

एमिलच्या नोटा

आता पाचवं. एरिश केस्टनर या जर्मन लेखकाची 'एमिल आणि गुप्तहेर' ही 1929 सालची कादंबरी. मी ती इंग्रजीतून वाचली आणि शाळा सुटण्याआधीच्या तासाला वर्गाला थोडी थोडी मराठीतून सांगत होते.

एमिलची आई केस धुऊन-विंचरून देण्याचा व्यवसाय करून घर चालवते. ती त्याला बर्लिनला आजीकडे पाठवते. बरोबर 140 मार्क देते. पैसे हरवू नयेत म्हणून एमिल ते पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवून टाचणीने अस्तराला टोचतो. गाडीत डोळा लागतो. जागा होतो, तर पैसे गायब आणि समोरचा टोपीवाला माणूसही गायब! मग बर्लिनमधली अनोळखी मुलं एमिलच्या मदतीला येतात. एक जण मोटारीचा भोंगा घेऊन फिरतो. दुसरा बिचारा घरी टेलिफोनपाशी बसून राहतो. सगळ्यांत कंटाळवाणं काम, पण तो जागचा हलत नाही. चोर सापडतो. पण नोटांवर काही कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. त्या एमिलच्याच, हे सिद्ध कसं करायचं? उत्तर मी सांगणार नाही. पण वर दिलेल्या गोष्टीतच ते दडलेलं आहे!

या लेखकाची पुस्तकं 10 मे 1933 रोजी हिटलरच्या राजवटीत बर्लिनमध्ये चौकात जाळली गेली. केस्टनर स्वतः गर्दीत उभे राहून ते पाहत होते. पुस्तकं जळली, पण एमिल आजही जगभर वाचला जातो.

आणि आमच्या वर्गातली चोरी

एमिलची गोष्ट अर्ध्यावर आली होती. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्गातली एक मुलगी रडायला लागली. सहलीचे तीनशे रुपये सापडत नव्हते. दप्तर पालथं केलं, कंपासपेटी झटकली. नाहीत! तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, सुट्टीत तो एकटाच वर्गात होता." सगळ्या माना एका मुलाकडे वळल्या. त्याने सहलीचे पैसे भरलेले नव्हते. घरची परिस्थिती मला माहीत होती. तो काहीच बोलला नाही, नुसता बाकाकडे बघत राहिला.

खरं सांगते, माझ्याही मनात आलं. मी उठले, त्याच्या बाकापर्यंत गेले आणि दप्तराला हात लावणार, तोच ती दहा नावांची यादी आठवली. मी परत तेच करत होते. पुरावा कुठे होता? मुलगा गरीब आहे आणि गप्प आहे, हा काय पुरावा झाला?

मी मागे फिरले. त्या मुलीला जवळ बसवलं आणि एकेक विचारलं. पैसे शेवटचे कधी पाहिलेस? घरी कशात ठेवलेस? दप्तरातून सकाळपासून काय काय बाहेर काढलंस? ती हुंदके देत आठवू लागली. पैसे हरवू नयेत म्हणून आईने ते वहीच्या खाकी कव्हरच्या आत सरकवले होते. कुठल्या वहीच्या? गणिताच्या. आणि गणिताच्या वह्या तर मीच पहिल्या तासाला तपासायला गोळा केल्या होत्या! माझ्याच टेबलावरच्या गठ्ठ्यात, वरून सातव्या वहीत, तीनशे रुपये होते.

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी सगळ्यांसमोर त्या मुलाला म्हटलं, "बाळा, माझं चुकलं. मी पण क्षणभर तुझ्यावर संशय घेतला." त्याने मान हलवली, पण हसला नाही. दप्तर उघडलं असतं, तर त्यात पैसे सापडले नसतेच. पण वर्गासमोर उघडलेलं ते दप्तर त्याच्या मनातून कधी बंद झालं असतं का?

पालकहो, त्या आईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं. चांगली रहस्यकथा संशय घ्यायला शिकवते, तसंच संशय घेतल्यावर थांबायलाही शिकवते.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एमिलची गोष्ट संपत आली, तेव्हा मी मुद्दाम थांबून विचारलं, "आता एमिल काय करेल?" तो उठून माझ्याजवळ आला आणि कानात उत्तर सांगून गेला. अगदी बरोबर होतं! तुम्हाला येतंय का बघा. पुढच्या महिन्यात भेटूच.