आधी लॉग, मग खातं
नवापूरचं रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये विभागलेलं आहे. संगणकातला व्यवहार मात्र असा विभागता येत नाही. एकाच बँकेच्या नवापूर शाखेतून नंदुरबार शाखेत ५०० रुपये पाठवताना इकडे रक्कम वजा झाली आणि तिकडे जमा होण्याआधीच सर्व्हर बंद पडला, तर? म्हणून डेटाबेस डिस्कवरची मूळ नोंद बदलण्याआधी तो बदल लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहून पक्का करतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की लॉग वाचला जातो. पूर्ण झालेले व्यवहार कायम राहतात, अर्धवट राहिलेले मागे घेतले जातात. आयबीएममधल्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या नावाने ही रीत सविस्तर मांडली. खातेदाराचा पैसा सुरक्षित राहतो तो ‘आधी लॉग, मग खातं’ या क्रमामुळे.