गुळवेल : ओळख आणि उपयोग

भारताच्या उष्ण प्रदेशात जवळजवळ सर्वत्र आढळणारी गुळवेल ही वृक्षांवर चढणारी बहुवर्षायू वेल होय. छत्तीसगडमध्ये अभनपूर-रायपूरच्या बाजूस हिंदीभाषक तिला गिलोय म्हणतात. तिची पाने हृदयाकृती असून फांद्यांपासून दोरीसारखी हवाई मुळे लोंबतात. खोडाचा आडवा छेद घेतल्यास चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. तोडलेला तुकडाही पुन्हा फुटतो. 'छिन्नरुहा' हे तिचे संस्कृत नाव यावरूनच पडले.

ज्वर, कावीळ, वातरक्त आणि मधुमेह यांवर आयुर्वेदात गुळवेलीचे खोड वापरतात. कडुनिंबावर चढलेली वेल श्रेष्ठ मानण्याची प्रथा आहे. सत्त्व काढण्यासाठी ओले खोड ठेचून पाण्यात भिजवतात, कुस्करून गाळतात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. हा साका मुख्यतः पिष्टमय असतो. म्हणून काढा आणि सत्त्व ही एकच औषधे समजू नयेत.

२०२० च्या कोरोना साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून अनेक घरांत वैद्याच्या सल्ल्याविना काढा घेतला जाऊ लागला. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे आढळले. त्यांपैकी एक दगावला. २०२२ मध्ये अशा ४३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती ज्यांच्यात सुप्त असते, त्यांच्यात वेलीमुळे ती जागी होत असावी, असा या डॉक्टरांचा तर्क आहे.

रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने पहिल्या वृत्तांतावर २०२१ मध्ये घेतला. गुळवेलीच्याच कुलातील 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही वेल दिसावयास तिच्यासारखी असल्याने चूक सहज होते. मंत्रालयाने २०२२ मध्ये दोहोंतील भेद सांगितले. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असून त्यावर उठावदार गाठी नसतात, त्यातून दुधी चीक येत नाही, फुलास सहा पाकळ्या असतात आणि फळे गोल व लाल असतात. दुसरीचे खोड करडे व गाठाळ असते, त्यास दुधी चीक येतो, पाकळ्या तीन आणि फळे लांबट व नारिंगी असतात.

परंतु केवळ खरी वेल ओळखल्याने काम संपत नाही. यकृताचा विकार असलेल्यांनी ही वेल स्वतःच्या विचाराने घेऊ नये. ती घेत असता डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर काढा तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे व घेतलेल्या वेलीचा तुकडा सोबत न्यावा.