मागच्या चाकांमधला गोळा

एखाद्या जुन्या मोटारीच्या मागे उभे राहून जरा वाकून पाहिले, तर दोन्ही चाकांना जोडणारी एक जाड लोखंडी नळी दिसते. तिच्या मध्यभागी लहानशा कलिंगडाएवढा एक गोळा असतो. धूळ, चिखल आणि तेलाची ओल ह्यांची पुटे त्याच्यावर चढलेली असतात, त्यामुळे मोटार रोज पुसणाऱ्याचेही लक्ष तिकडे जात नाही. कारागीर त्याला 'डिफरन्शियल' म्हणतात आणि आपणही तेच नाव वापरू.

मुंबईच्या लोकांना ज्या मोटारीत हा गोळा सर्वांत अधिक वेळा भेटला, ती म्हणजे पद्मिनी. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने इटलीच्या फियाट मोटारीवरून ही गाडी बांधली. १९६४ पासून ती 'फियाट' ह्या नावाने रस्त्यावर होती आणि १९७४ मध्ये तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने मुंबईची पिढ्यान् पिढ्या सेवा केली. ऑक्टोबर २०२३ अखेर तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निघाली. आता उरल्या आहेत त्या हौशी लोकांनी जपलेल्या गाड्या. ह्या गाडीचे इंजिन पुढे असते, पण ते फिरविते मागची चाके. म्हणून इंजिनाची शक्ती एका लांब दांड्याने मागे आणावी लागते आणि तो दांडा ह्या गोळ्यात शिरतो.

गोळ्याच्या आत काय चालते, हे समजण्यासाठी कवायतीचे मैदान आठवा. मुलांची एक सरळ रांग हात धरून वळत आहे. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो, तर बाहेरच्या टोकाच्या मुलाला धावावे लागते. दोघांनी सारखीच पावले टाकली, तर रांग तुटेल. मोटारीच्या चाकांचेही असेच आहे. मागच्या दोन चाकांमध्ये सुमारे १.२ मीटर अंतर असते. मोटार एक पूर्ण वर्तुळ फिरली, की बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे साडेसात मीटर अधिक चाललेले असते. नवल असे की वर्तुळ मैदानाएवढे असो वा गावाएवढे, हा फरक तेवढाच राहतो. ज्यांना वर्तुळाच्या परिघाचे सूत्र येते, त्यांनी हे कागदावर करून पाहावे.

दोन्ही चाके एकाच सळईवर पक्की बसविली असती, तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटत गेले असते. ह्या अडचणीवर पॅरिसमधील ओनेसिफोर पेकर ह्या घड्याळ-कारागिराने तोड काढली, तीही पेट्रोलची मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधी, १८२७ च्या सुमारास, वाफेच्या गाडीसाठी.

त्याची युक्ती अशी. पुढून आलेल्या दांड्याच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, त्याला कारागीर 'पिनियन' म्हणतात. ते 'क्राउन' नावाच्या मोठ्या दंतचक्राला फिरविते. क्राउनला एक पिंजरा जोडलेला असतो. पिंजऱ्यात डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन चक्रे असतात व त्यांतून एकेक दांडा आपापल्या चाकाकडे जातो. ह्या दोहोंच्या मध्ये लहान चक्रे अशी बसविलेली असतात, की त्यांचे दाते दोन्हीकडे अडकलेले राहावेत. गाडी सरळ जाते तेव्हा ही लहान चक्रे स्वतःभोवती मुळीच फिरत नाहीत, नुसती पाचर मारल्यासारखी राहतात आणि सगळा पिंजरा एकसंध फिरतो. वळणावर आतले चाक मंदावले, की लहान चक्रे त्याच्या दात्यांवरून लोळू लागतात आणि एका बाजूने जेवढे घेतात तेवढेच दुसऱ्या बाजूला देतात. क्राउनचे १०० फेरे होईपर्यंत डाव्या चाकाचे ९० झाले, तर उजव्याचे बरोबर ११० होतात. हा हिशेब कधी चुकत नाही. मात्र ह्याच उदारपणामुळे एक चाक चिखलात रुतले की फजिती होते. कोरड्या जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते आणि चिखलातले तेवढे दुप्पट वेगाने गरगर फिरते!

आता तेलाकडे वळू. इंजिनाला तेल पुरविण्यासाठी पंप असतो, आणि तेलाचा दाब उतरला तर चालकापुढे दिवा लागतो. डिफरन्शियलला ना पंप, ना दिवा. गोळ्याच्या तळाशी तेल साठविलेले असते. क्राउनचा खालचा भाग त्यात बुडालेला असतो, आणि फिरता फिरता तो तेल उडवून सगळ्या दात्यांना व बेअरिंगांना न्हाऊ घालतो. तेलाची पातळी क्राउनच्या खाली गेली तर आतले पोलाद कोरडे झिजते, आणि बाहेर कोणाला काही कळत नाही. पुष्कळ दिवसांनी मागून एक बारीक 'घूं' असा सूर येऊ लागतो. पाय दाबला की तो चढतो, उचलला की बदलतो. तो ऐकू येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. जुन्या गाडीचे नवे क्राउन-पिनियन सहज मिळत नाहीत.

हे तेल वाटेल ते चालत नाही. जुन्या गाड्यांत पिनियन क्राउनच्या मध्याच्या जरा खाली बसविण्याची रीत १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ होऊ लागली. त्यामुळे लांब दांडा खाली आला व गाडीचा तळही खाली नेता आला. पण अशा रचनेत दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते घसरतातही, आणि तेही प्रचंड दाबाखाली. साधे तेल मधून पिळून निघते. म्हणून ह्या तेलात गंधक व स्फुरद ह्यांची संयुगे घालतात. दात्यांच्या तापलेल्या पृष्ठावर ती पोलादाशी संयोग पावून एक अतिसूक्ष्म थर निर्माण करतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत. गिअर तेलाच्या डब्याला जो उग्र वास येतो, तो ह्या गंधकाचा.

गॅरेजमध्ये ह्यालाच 'नव्वद नंबर' म्हणतात. ९० हा आकडा पाहून ते इंजिनाच्या ४० नंबर तेलाच्या दुपटीहून घट्ट असेल असे वाटते, पण तसे नाही. दोहोंची मापे निराळी आहेत. गिअर तेलाचे ९० हे दाटपणात इंजिन तेलाच्या ४० ते ५० च्या आसपासच असते. आणखी एक सावधगिरी: प्यूजो ४०४ सारख्या काही जुन्या गाड्यांच्या गोळ्यात काशाचे चक्र असते आणि तीव्र गंधकाचे तेल काशाला बाधते. म्हणून शेजाऱ्याने कोणते तेल घातले हे न पाहता आपल्या गाडीचे माहितीपुस्तक पाहावे.

तेल तपासण्याचे काम सोपे आहे, पण त्याला क्रम आहे. गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते. मग ती सपाट जागी, शक्य तर खड्ड्यावर उभी करावी व तेल खाली बसू द्यावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. चारही बाजूंना भक्कम घोड्या लावाव्यात आणि त्या सारख्या उंचीच्या असाव्यात, नाहीतर पातळी खोटी दिसते. गोळ्याच्या अंगावर तेल भरण्याचे बूच असते. त्याच्या भोवतीचा चिखल आधी ब्रशने काढावा, कारण वाळूचा कण आत पडला तर तो दात्यांना खातो. बूच काढून करंगळी आत घालावी आणि खाली वाकवावी. तेल छिद्राच्या खालच्या काठापर्यंत असले, म्हणजे ठीक.

तेल बदलायचे असेल, तर वरचे बूच आधी सैल करावे आणि मगच खालचे. पुष्कळ उतावळे लोक उलट करतात. सगळे तेल परातीत येऊन पडते, आणि मग वरचे बूच गंजून बसल्यामुळे हलत नाही असे त्यांच्या ध्यानात येते. गाडी तशीच कोरडी अडकून पडते.

परातीतले तेल लगेच फेकू नये, ते पाहावे. ते काळसर असणे स्वाभाविक आहे. बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावर करडा, मेणासारखा लगदा जमतो, त्याचेही भय नाही. पण चकाकणाऱ्या पापुद्र्या किंवा दात्याचा तुकडा सापडला, तर गोळा उघडावाच लागतो. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. नळीवर हवा येण्याजाण्यासाठी एक लहानशी वाट ठेवलेली असते. तापलेला गोळा साचलेल्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा पुरातून निघालेल्या गाडीचे हे तेल न बदलणे म्हणजे गंजाला आमंत्रण देणे होय.

जुने तेल गटारात ओतू नये. ते डब्यात भरून, शुद्ध करण्यासाठी तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

नवे तेल भरताना हात आखडता घ्यावा. 'थोडे जास्त असलेले बरे' हा विचार येथे घातक आहे. हवेची वाट चिखलाने बुजली किंवा तेल फार झाले, तर आतला दाब वाढून तेल नळीच्या टोकाशी असलेल्या रबरी सीलमधून बाहेर येते. तेथेच मागच्या चाकांचे ब्रेक असतात. ब्रेकचे अस्तर तेलाने भिजले, की ते ड्रमला धरीत नाही, घसरते. सपाट रस्त्यावर हे कदाचित जाणवणार नाही. बोरघाट उतरताना, भरलेल्या गाडीत, ते पहिल्या मोठ्या वळणावर जाणवेल. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला, तर आधी हवेची वाट साफ करावी, सील बदलावे आणि भिजलेले अस्तर पुसत न बसता नवे घालावे.

बूच नव्या वायसरसह आवळून झाले, की गोळा फडक्याने कोरडा करावा आणि रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी कागदावर डाग नसला, तर गाडी बाहेर काढण्यास हरकत नाही.