एका मुक्कामातील निदान : मानकोली, उपदंश आणि पेनिसिलिन

बोलीत ज्याला गरमी म्हणतात तो उपदंश पेनिसिलिनने बरा होतो, हे अमेरिकेतील जॉन महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ साली दाखवून दिले, आणि पुढे या आजाराचे जिवाणू इतर काही औषधांना निर्ढावले तरी पेनिसिलिनला ते आजही शरण जातात. इतके जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध हाताशी असूनही २०२२ साली जगात १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ८० लाख लोकांना उपदंशाची नव्याने लागण झाली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या विसंगतीचे कारण औषधाच्या बाटलीत सापडत नाही. माणूस कुठे थांबतो, किती वेळ थांबतो आणि आजार त्याला केव्हा दिसतो, हे पाहिल्यावाचून तिचा उलगडा होत नाही, आणि हे पाहण्यासाठी भिवंडी तालुक्यातील मानकोलीसारखे ठिकाण विशेष उपयोगी आहे.

आजच्या मुंबई-नाशिक महामार्गालगतचे मानकोली हे मुळात खाडीकाठचे गाव; मात्र अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या आसपासच्या गावांसह गेल्या काही दशकांत तेथे गोदामांचे एक अवाढव्य जाळे उभे राहिले आणि मुंबई महानगराला लागणारा माल तेथे उतरू लागला. या जाळ्यात काम करणारा हमाल, कंटेनरचा चालक, त्याच्याबरोबरचा क्लीनर आणि शेजारच्या भिवंडी शहरातील यंत्रमागांवर राबणारा कामगार यांपैकी बहुतेकांचे घर दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात असते. माल उतरला तरी परतीचे भाडे मिळेपर्यंत चालकाला थांबावे लागते, आणि भाडे मिळताच निघावे लागते. मानकोलीत उपदंश इतर ठिकाणांहून अधिक आहे, असा दावा येथे अभिप्रेत नाही आणि तसा ठपका कोणत्याही वस्तीवर किंवा धंद्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. मुद्दा एवढाच आहे की, ज्या आरोग्यव्यवस्थेत रुग्णाने आज रक्त द्यायचे, चार दिवसांनी अहवाल न्यायचा आणि आठवड्याने उपचाराला यायचे असते, ती एका रात्रीच्या मुक्कामाच्या माणसासाठी असून नसल्यासारखीच असते.

या आजाराचा स्वभावही अशा माणसाला फसवणारा आहे. ट्रेपोनेमा पॅलिडम हा मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू १९०५ साली बर्लिनमध्ये शाऊडिन आणि हॉफमन यांनी ओळखला; तो शरीरात शिरल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर, गुदद्वाराशी किंवा तोंडात एक व्रण उमटतो, ज्याला जुन्या मराठीत चांदी म्हणत. हा व्रण कडेने टणक असतो, त्यातून स्वच्छ लस पाझरते आणि तो बहुधा दुखत नाही. शिवाय कोणताही उपचार न करता तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. नाक्यावरच्या दुकानातून मलम घेणाऱ्याला मलमाने गुण आला असे वाटते, एखाद्या भोंदू वैद्याची पुडी घेणाऱ्याला पुडीने गुण आला असे वाटते, आणि दोघांच्याही रक्तात जिवाणू वाढतच असतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर, न खाजणारे पुरळ येते, बारीक ताप येतो, केस विरळ होतात, आणि तेही काही काळाने मावळते. त्यानंतरची सुप्तावस्था वर्षानुवर्षे टिकू शकते, ज्या काळात माणूस धडधाकट दिसतो आणि फक्त रक्ताची तपासणीच आजार सांगू शकते; उपचार न झालेल्यांपैकी काहींच्या हृदयाला, महाधमनीला, मेंदूला किंवा मज्जारज्जूला त्यातून कायमची इजा होते.

उपचारांचा इतिहास या भूमीशी जवळून जोडलेला आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात फिरंग रोगाचे, म्हणजे उपदंशाचे, वर्णन येते आणि त्यावर पाऱ्याची औषधे व चोपचिनी सांगितलेली आहेत. त्याच शतकात गोव्यात स्थायिक झालेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात चोपचिनीच्या मुळीची चर्चा केली आहे. पाऱ्याने हिरड्या सुजत, लाळ गळे, दात हलत, आणि तरीही पुढची सुमारे चार शतके जगभर मुख्य उपचार पाऱ्याचाच राहिला. वसाहतीच्या सरकारने १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा करून वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली, सैनिक आणि गिऱ्हाईक यांना मात्र त्यातून मोकळे ठेवले; हा कायदा १८८८ साली रद्द झाला. निम्म्या साखळीवर जबरदस्ती करून संसर्ग आटोक्यात येत नाही, हे त्यातून दिसायला हवे होते, तरी स्त्रीलाच रोगाचे मूळ समजण्याची खोड समाजातून गेली नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून गुप्तरोगांविषयी उघडपणे लिहिले आणि त्या मासिकातील लेखनासाठी खटलेही सोसले, याचे मोल आजच्या वाचकाला कदाचित नीट जाणवणार नाही. स्वातंत्र्यानंतर, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि तेथे देशी पेनिसिलिन तयार होऊ लागले.

आज उपदंशासाठी वापरतात ते बेन्झाथिन पेनिसिलिन. ते स्नायूत साठून राहते आणि तेथून अनेक दिवस थोडेथोडे रक्तात उतरत राहते, आणि हीच त्याची खुबी, कारण हा जिवाणू अतिशय सावकाश वाढतो व त्याला मारण्यासाठी औषधाची पातळी दीर्घकाळ टिकावी लागते. बाटलीतील पांढरी पूड पाण्यात मिसळली की दुधासारखे दाट मिश्रण होते. बारीक सुईत ते अडकते, म्हणून जाड सुई घ्यावी लागते, आणि २४ लाख युनिटांची मात्रा बहुधा दोन्ही कुल्ल्यांत निम्मी निम्मी, खोल स्नायूत, हळूहळू टोचली जाते. शिरेत ते चुकूनही जाऊ द्यायचे नसते. सुई दुखते, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या थोड्या रुग्णांत गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते, म्हणून आधी विचारपूस आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे थोड्या औषधाची चाचणी करतात, ॲड्रिनलिन जवळ ठेवतात आणि सुईनंतर अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवतात. काही रुग्णांना पहिल्याच दिवशी थंडी वाजून ताप येतो, जो मरणाऱ्या जिवाणूंमुळे येतो आणि दिवसभरात उतरतो. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण ती ॲलर्जी समजून पुढची सुई टाळतो. एवढा खटाटोप नको म्हणून अनेक दवाखान्यांत ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांवर भागवले जाते, पण या गोळीला दाद न देणारे उपदंशाचे जिवाणू अनेक देशांत आढळलेले आहेत, त्यामुळे पेनिसिलिन देता येत असताना गोळीवर वेळ मारून नेणे समर्थनीय नाही.

तपासणीचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. व्हीडीआरएल आणि आरपीआर या चाचण्या जिवाणूला नव्हे, तर त्याने केलेल्या इजेतून उपजणाऱ्या प्रतिपिंडांना शोधतात. आरपीआरमध्ये पांढऱ्या कार्डावर रक्ताचा द्रव आणि कोळशाचे कण मिसळलेले द्रावण एकत्र फिरवले जाते आणि काळे कण गुठळ्या होऊन गोळा झाले, तर चाचणी सकारात्मक मानतात. द्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत किती पातळीपर्यंत गुठळ्या होतात, हे पाहून आजाराचा जोर आकड्यात मांडता येतो. मलेरिया, कुष्ठरोग किंवा गरोदरपणातही या चाचण्या कधीकधी खोट्या सकारात्मक येतात, म्हणून टीपीएचएसारख्या थेट जिवाणूविरोधी प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचणीने खात्री करतात. या दुसऱ्या प्रकारातील झटपट चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते, तिला प्रयोगशाळा लागत नाही, आणि एकाच पट्टीवर एचआयव्ही व उपदंश दोन्ही दाखवणाऱ्या चाचण्याही आहेत. गाडी खाली होईपर्यंतच्या वेळात चाचणी, सुई आणि समुपदेशन उरकणे या चाचणीमुळे शक्य होते, आणि मानकोलीसारख्या थांब्यावर तिचे महत्त्व कोणत्याही महागड्या यंत्राहून अधिक आहे.

शासकीय रुग्णालयांतील लैंगिक आजारांच्या केंद्रांत, ज्यांना सुरक्षा क्लिनिक म्हटले जाते, लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत आहे. लघवीच्या मार्गातून पू येणे, म्हणजे परम्याची तक्रार, असेल तर सेफिक्सिम व ॲझिथ्रोमायसिनची करड्या रंगाची पाकिटे आणि जननेंद्रियावर व्रण असेल तर पेनिसिलिनचे पांढरे पाकीट, अशी रंगांवरून ओळख ठरवलेली आहे, ज्यामुळे प्रयोगशाळा नसतानाही उपचार त्याच दिवशी सुरू होतो. ही पद्धत उपयोगी आहे, पण ज्याला तक्रारच नाही तो तिच्या बाहेर राहतो. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी कितीतरी जणींनी कोणतीही तक्रार सांगितलेली नव्हती, पूर्वी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. सुप्त उपदंशाला हाच नियम लागू पडतो, म्हणून लक्षणांची वाट न पाहता रक्त तपासणे भाग आहे.

सर्वांत मोठी हानी अर्थात गर्भातील बाळाची होते. उपचार न झालेल्या आईचा उपदंश वारेतून बाळापर्यंत पोहोचतो आणि गर्भपात, मृतजन्म, अपुऱ्या दिवसांचा जन्म किंवा जन्मजात उपदंश यांपैकी काहीही ओढवू शकते. गरोदरपणात पेनिसिलिन हाच एकमेव भरवशाचा उपाय आहे आणि तो प्रसूतीच्या किमान तीस दिवस आधी मिळायला हवा. भारताच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यात आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि उपदंश संपवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या सुरक्षित मातृत्व तपासणीत ही चाचणी सहज बसते. अडचण येते ती गोदामांच्या आणि यंत्रमागांच्या वस्त्यांतील स्त्रियांबाबत, ज्यांची पहिली तपासणी भिवंडीत आणि प्रसूती गावी होते. माता-बाल कार्डावर उपदंशाच्या चाचणीचा निकाल लिहिलेला नसेल, तर गावच्या परिचारिकेला काही कळण्याचा मार्गच उरत नाही.

प्रतिबंधात निरोधाचे स्थान वादातीत आहे, जरी निरोधाने न झाकलेल्या जागेवरच्या व्रणातून उपदंश लागू शकतो. संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम घेण्याची जी पद्धत अमेरिकेत २०२४ मध्ये काही गटांसाठी सुचवली गेली, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठीक आहे, पण औषधाच्या दुकानातून मनाने गोळी घेणे धोक्याचे आहे, कारण परम्याचे जिवाणू एकामागून एका औषधाला दाद देईनासे झाले आहेत. उपदंशाच्या व्रणातून एचआयव्हीचा शिरकावही सोपा होतो, म्हणून दोन्ही चाचण्या एकत्र करतात. माहितीसाठी १०९७ ही मोफत मदतवाहिनी आहे.

तरीही प्रतिबंधाचा खरा कणा जोडीदाराचा उपचार हाच आहे. मानकोलीत सुई घेतलेल्या चालकाची पत्नी बीडला किंवा आझमगढला असेल आणि तिला काहीच कळवले नसेल, तर पुढच्या रजेत आजार पुन्हा त्याच्याकडे येतो. लागण केव्हा झाली हे माहीत नसलेल्या सुप्त उपदंशात एका सुईने भागत नाही. आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा द्याव्या लागतात आणि अंतर फार लांबले, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे पहिली मात्रा भिवंडीत, दुसरी नाशिकला, तिसरी इंदूरला, असा हिशेब महामार्गावरच्या केंद्रांना एकमेकांशी जुळवावा लागतो. उपचारानंतर सहा आणि बारा महिन्यांनी आरपीआरचा आकडा चौपटीने उतरला का, हे पाहायचे असते, उदाहरणार्थ १:३२ वरून १:८, तर टीपीएचए मात्र बहुधा जन्मभर सकारात्मकच राहते. म्हणून तारीख, औषधाची मात्रा आणि त्या दिवशीचा आकडा लिहिलेला एक साधा कागद चालकाच्या हाती देणे गरजेचे आहे, ज्यावर आजाराचे नाव ठळक नसेल, पण पुढच्या डॉक्टरला काय झाले आणि काय उरले हे कळेल. तो कागद नसेल तर पुढच्या केंद्रात बरा झालेला माणूस आजारी ठरतो, किंवा खरोखर आजारी असलेला बरा समजून परत पाठवला जातो.